सफूराचं नाक आणि उस्मानचा पाना

रियाधच्या बत्हा बाजारपेठेत उस्मानची कोकणी खानावळ दोन महिने शटर ओढून बसली होती. गॅसची तपासणी पास झाल्याशिवाय उघडायची नाही, असा कायदा. आणि उस्मान दोनदा नापास! तिसऱ्यांदा आपटलास तर गाळा अत्तरवाल्याला देतो, असं कफीलने, म्हणजे त्याच्या अरब मालकाने, साफ सांगितलं होतं. मग रत्नागिरीला परत जाऊन करायचं काय, डोंबल?

म्हणून या खेपेला त्याने कुठे बोट ठेवायला जागा ठेवली नव्हती. सिलिंडर बाहेर, लोखंडी जाळीत. तांब्याची नळी भिंतीला पट्ट्यांनी आवळलेली. हा गॅस जड, खाली साचतो, म्हणून गळती ओळखणारा अलार्म जमिनीपासून वीतभर वर. फक्त भट्टीचा शेवटचा जोड परवानाधारक मिस्त्रीकडून करून घ्यायचा होता, तो त्याने स्वतःच पान्याने आवळला. त्यात कसली आलीय विद्या!

"अवो, घाण वास येतोय," त्याची बायको सफूरा दोन दिवस सांगत होती.

"सुक्या बोंबलांचा असेल गो. तुझं नाक कधीपासून मिस्त्री झालं?"

सफूरा शिवण घेऊन बसली. मिक्सर, रिमोट, इस्त्री, तिच्या घरात उघडं असं काही राहत नसे.

इन्स्पेक्टर आला. जाळी बघितली, नळी बघितली, मान डोलावली. उस्मान मनातल्या मनात पेढे वाटायला लागला.

"अलार्म?"

उस्मानने ऐटीत खाली बोट दाखवलं आणि त्याचा चेहरा पडला. अलार्मवर निळ्या फुलांचं कव्हर, वर झालरसुद्धा.

"एवढी महागाची वस्तू, धूळ नको बसायला," सफूरा म्हणाली.

इन्स्पेक्टरने कव्हर काढलं. आत कंपनीचं प्लास्टिकही जसंच्या तसं! तेही सोललं. अलार्म तपासायचा गॅसचा स्प्रे काढायला त्याने खिशात हात घातला, तोच अलार्म बोंबलायला लागला.

"मी तर अजून मारलाच नाही," तो मोडक्या हिंदीत म्हणाला आणि धावला. मेन व्हॉल्व्ह बंद केला, दारं उघडली, एकेका जोडावर साबणाचं पाणी लावलं. उस्मानच्या जोडावर फेस फसफसून आला.

उस्मानने वळून सफूराकडे पाहिलं. साहेबांसाठी चहा ठेव, असं त्यानेच सफूराला सांगितलं होतं. लायटर तिच्या हातातच होता. गाळा, कफील, अत्तरवाला, सगळं एका क्षणात विसरला तो.

"आधी वास कुणाला आला?" इन्स्पेक्टरने विचारलं. उस्मानने मुकाट्याने बायकोकडे बोट केलं.

"उद्या परवान्याचा मिस्त्री आणायचा. अलार्मवर कापड नाही. आज शेरा देत नाही, मी परवा येतो. खलास."

मिस्त्रीने जोड नीट केला आणि तिसऱ्या दिवशी तपासणी पास झाली. शटर वर गेलं, पहिलं गिऱ्हाईक बसलं आणि टेबल डुगडुगलं. पाय आवळायला उस्मानने पान्यासाठी खण उघडला. पाना होता, निळ्या फुलांच्या कव्हरात, झालरीसकट. त्याने उलटसुलट करून पाहिलं.

"या कव्हराला तोंड कुठाय गो?"

"ठेवलंच नाही," सफूरा म्हणाली.