उलटा हात

तीन पिना — दोन बारीक, वरची एक जाड, पितळेची, अजून कशालाही न लागलेली, त्यामुळे सोन्यासारखी चकचकीत — त्यांच्यावरची प्लास्टिकची टोपी इराने सकाळीच काढून कंपासपेटीत टाकली होती, आणि प्लग पडवीच्या कट्ट्यावर उताणा पडला होता. त्याच्यामागे काळ्या वायरीचं वेटोळं आणि वेटोळ्याच्या शेवटी पंप, सोललेल्या नारळाएवढा. दुर्गा घावन उलथता उलथता स्वयंपाकघराच्या दारातून त्या तीन पिनांकडे बघत होती. अजून कशात खोचलेला नाही. अजून ती नुसती वस्तू आहे, बाजारातून आणलेली, बादलीसारखी, झाडूसारखी... संध्याकाळचा चहा झाला की वरद तो पंप तळ्यात सोडणार होता, आणि मग तळ्यातल्या पाण्यात वीज असणार होती. दिवसभर, रात्रभर, पाहुणे झोपलेले असताना, तिची इरा काठावर बसून मासे बघत असताना. तव्यावरचं घावन करपलं. तिला भीती वाटत होती, आणि ती आज सकाळी वाटायला लागली नव्हती, पंपाचं खोकं आलं त्या दिवशीपासून तिच्या पोटात बसून होती.

आणि गंमत अशी की हे सगळं तिनेच मागून घेतलं होतं.

वादळात वाडीतले माड आडवे झाले, त्यात विहिरीजवळचे दोन मुळांसकट उपटले गेले आणि मागे मोठा खड्डा राहिला. दिवेआगरात तेव्हा प्रत्येकाच्या वाडीत असे खड्डे होते. लोकांनी ते बुजवले आणि नवी रोपं लावली. वरदने बुजवला नाही. भाड्याच्या खोल्यांसमोर तळं असलं की पाहुण्यांना बरं वाटतं म्हणाला, खड्डा वाढवला, जाड काळं प्लास्टिक अंथरलं, मासे सोडले, कुमुदं लावली. चार-पाच वर्षं छान होतं. मग पाणी हिरवं व्हायला लागलं, पालकाच्या पातळ भाजीसारखं, आणि पुण्याच्या एका पाहुण्याने मोबाइलवर सगळ्या जगाला सांगून टाकलं की जेवण उत्तम, पण तळ्याला वास येतो.

"हा बघ, तयार डबा मिळतो," वरद तेव्हा मोबाइल तिच्या नाकासमोर धरून म्हणाला होता. "आत स्पंज, आणि एक निळा दिवा—"

"दिवा? पाण्यात?"

"काचेच्या नळीत असतो गो."

"नको."

"मग हा दुसरा. बॉग फिल्टर. तळ्याच्या शेजारी चिऱ्यांची उथळ टाकी बांधायची, तळ्यापेक्षा थोडी उंच. आत खडी, खडीत झाडं. घाण खडीत अडकते, झाडांची मुळं ती खातात, वरून पाणी साफ होऊन परत तळ्यात."

"हा कर," ती म्हणाली होती, इतक्या पटकन की त्याने मोबाइलवरून मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं झाडं म्हणून आवडलं. तिने फक्त एवढंच ऐकलं होतं की मुळं करतात. मुळांना वीज लागत नाही. लहानपणापासून तिने पाणी आपलं आपण जाताना पाहिलं होतं, विहिरीजवळच्या दगडी डोणीतून पाटात, पाटातून एकेका पोफळीच्या आळ्यात, नुसती माती फावड्याने इकडची तिकडे केली की झालं. टाकी उंच आहे आणि पाणी उंच चढत नाही, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही... खोकं आलं तेव्हा आलं. हे काय, तिने विचारलं. पंप, तो म्हणाला, मग पाणी वर कोण नेणार, तू ओंजळीने घालणार? मी बादलीने घालीन, रोज घालीन, ती म्हणाली होती, आणि ती थट्टा करत नव्हती. वरद मात्र पोट धरून हसला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा, आमंत्रण देऊन घरी आणलेला.

बाहेर पडवीत पाहुणे नवराबायको घावनं खात होते आणि वरदची गोष्ट सुरू झाली होती. प्रत्येक पाहुण्याला कधी ना कधी ती ऐकायला मिळतेच.

"वादळानंतर लाइट आले ना, त्याच आठवड्यात. विहिरीवरच्या पंपाच्या पायपाला मी चिकटलेला. ही बघते — म्हणते संधी चांगली आहे. घेतला दाराचा अडसर आणि हाणला हातावर. बायकोने मारलं म्हणून वाचलेला तालुक्यातला मी एकटाच." मग तो उजवं मनगट पुढे करतो, तिथे हाड जरा वर आलेलं आहे. पाहुणे हसतात. इरा कट्ट्यावर पाय हलवत बसलेली असते, तीही हसते. ती तेव्हा तीन वर्षांची, श्रीवर्धनला आजीकडे होती, तिला ही गोष्ट अशीच माहीत आहे, हसण्याची. दुर्गा गरम घावन घेऊन बाहेर आली आणि हसली. हसायची तिची जागा ठरलेली आहे.

...तो हसत होता असंच वाटलं होतं. तोंड अर्धवट उघडं, दात दिसत होते. चहा निवतोय, ये ना, असं मी पडवीतून म्हटलं आणि तो आला नाही, वळला नाही, चिखलात अनवाणी उभा, पायपावर हात ठेवून, कुणाचं तरी नाव आठवत असल्यासारखा. जवळ गेले तेव्हा कळलं की तो बारीक थरथरतोय आणि डोळे माझ्याकडे लागलेत. आवाज कसलाच नव्हता. माणूस मरताना काहीतरी आवाज होत असेल असं मला तोवर वाटायचं. मी हात पुढे केला, त्याच्या खांद्याला आता लागणार एवढा — आणि थांबला. मी थांबवला नाही, हातच थांबला. मग दार, अडसर, धावत परत... त्यातलं त्याला काहीच आठवत नाही. जमिनीवर पडल्यापासून पुढचं आठवतं. आकाश दिसलं म्हणतो, आणि चहा टाक म्हणालो म्हणतो. म्हणजे झालं ते माझ्या एकटीलाच झालं. शॉक त्याला बसला, पण राहिला तो माझ्यात.

नंतर बोर्लीहून विपुल वायरमन आला. पंप उघडला, जळकी वायर दाखवली आणि जाताना तिला म्हणाला, "वैनी, शंका आली की आदी उलटा हात लावायचा. करंट आसला तरी हात आपसूक मागं येतो. पंजानं धरलात तर मंग तो सोडत न्हाय." बस्स, एवढंच. त्याला वाटलं असेल धीर देतोय. त्या दिवसापासून फ्रिजच्या मुठीला आधी उलटा हात. नळाला उलटा हात. कपाटाला, गेटला, कपडे वाळत घालायच्या तारेला, गॅसच्या सिलिंडरलासुद्धा, ज्याचा विजेशी काही संबंध नाही. आणि अंथरुणात, वरद गाढ झोपलेला असताना, त्याच्या खांद्यालाही आधी उलटा हात, मग तळवा. हे कुणाला माहीत नाही. सवय इतकी मुरली की आता तिलाही आठवण करून द्यावी लागत नाही.

पाहुणे गेले. दुर्गा हात पुसत मीटरच्या फळीपाशी गेली आणि नव्या स्विचवरचं छोटं बटण दाबलं. टक्. फ्रिज थांबला, पंखा थांबला.

"आज कितव्यांदा?" आतून वरद.

पाण्यात वीज गळली तर ती आपोआप तोडणारा हा स्विच तिच्या हट्टापायी बसला होता. महिन्यातून एकदा दाबून बघा, विपुल म्हणाला होता. ती येता-जाता दाबायची. दर वेळी टक् वाजायचं, दर वेळी जिवाला बरं वाटायचं, स्वयंपाकघरापर्यंत जाईस्तोवर. आत्ता पडलं, पण संध्याकाळी पडेलच कशावरून?

दुपारी झाडं लावायची होती. ते काम तिचं. टाकीच्या तळाशी वरदने पाइप घातला होता, खालच्या बाजूने करवतीने चिरा पाडलेला, त्याच्यावर मोठे दगड, त्यावर धुतलेली बारीक खडी. परसातून उपटलेलं अळू, कर्दळ, वेखंड — मुळांची माती बादलीत खळबळून काढायची आणि उघडी मुळं खडीत खुपसायची. इरा एकेक रोप हातात देत होती.

"आई, यांना माती नको?"

"तळ्यातली घाण हीच यांची माती."

"मग घाण संपली की?"

"मासे आहेत की रोज करायला."

इरा हसली. खडी गार होती, दुर्गाचे हात मनगटापर्यंत तिच्यात रुतले होते, दोन्ही तळवे, दहाही बोटं. अजून वीज नव्हती ना. वेखंडाचा तिखट वास बोटांना लागला, आणि किती वेळ ते कळलं नाही पण तेवढा वेळ ती काहीही बघत नव्हती, काहीही ऐकत नव्हती, नुसती झाडं लावत होती. मला हे येतं, तिच्या मनात आलं. एवढंच असतं तर किती बरं झालं असतं.

चहा झाला. वरदने पंप तळ्यात सोडला, वायर काठाकाठाने पडवीपर्यंत आणली आणि तीन पिना खोचल्या.

"चप्पल घाल. रबरी."

"घातली गो. दाब बटण."

"तू काठापासून लांब हो. इरा, तू इकडे ये, पडवीत."

तो लांब झाला, एखाद्या लहान मुलाचं ऐकावं तसा. दुर्गाने बोटाच्या मागच्या बाजूने बटण दाबलं आणि दुसरा हात गळतीच्या स्विचवर ठेवून उभी राहिली. काही झालं नाही. मग टाकीत बुडबुडे आले, गढूळ पाणी खडीतून वर डोकावायला लागलं, अळूच्या देठांभोवती चढलं, आणि पुढच्या चपट्या दगडावरून पहिली धार तळ्यात पडली. पाण्याचा आवाज झाला. तळं तसंच होतं, मासे तसेच होते. ती श्वास सोडणार एवढ्यात वरद काठावर उकिडवा बसला आणि त्याने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

पंप कलंडला असावा, तो सरळ करत असावा. तिला हे कळत होतं. त्याची पाठ तिच्याकडे होती.

"वरद."

तो मान जराशी वाकडी करून तसाच बसून राहिला, हात पाण्यात, काहीतरी ऐकत असल्यासारखा.

"वरद—"

टक्. बोट तिचंच. धार थांबली.

"अगो, काय हे! घरघर कुठून येते ते ऐकत होतो मी," तो वळून म्हणाला, आणि त्याचं तोंड पूर्ण उघडत होतं, मिटत होतं, त्यातून आवाज येत होता. दुर्गा फळीला टेकून उभी राहिली. झालं, संपलं, आता पुन्हा सुरू करायचं आणि रोज असंच...

तेवढ्यात इरा पडवीतून उतरली. धावत गेली ती थेट बाबाच्या पाठीशी, आणि तिथे थांबली. क्षणभरच. उजवा हात वर केला, उलटा केला, बोटांची मागची बाजू त्याच्या खांद्याला हलकेच लावून झटकन मागे घेतली — आणि मग दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकून पाठीवर लोंबकळली. घरात शिरताना चपला काढाव्यात इतक्या सहज. वरदला त्याचं काही वाटलं नाही. तो मागे न बघता तिला म्हणाला, "पडशील गो तळ्यात," आणि हात झटकत हसला. सवय असावी त्याला.

दुर्गा बघत राहिली. कुणी शिकवलं नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं. इराला तर फक्त हसण्याची गोष्ट माहीत होती. आणि मग आठवायला लागलं, एकामागून एक, न बोलावता — शाळेतला नळ, स्नेहसंमेलनाच्या दिवशी, दाराची कडी, कंपासपेटीचं पत्र्याचं झाकण, मांजर, दूध पिणारं मांजर, ज्याला इरा आधी उलट्या हाताने शिवून बघायची आणि मग कुरवाळायची, आणि मी म्हणायचे, किती हळुवार आहे माझी पोर. मी सगळीकडे वीज शोधत फिरत होते, फ्रिजमध्ये, तारेत, पाण्यात, आणि ती माझ्याच हाताच्या वाटेने इराच्या आत गेली होती. सहा वर्षं. तिला तोडायला फळीवर काही बसवता येत नव्हतं.

तिने स्विच पुन्हा वर केला. घरघर, बुडबुडे, धार. पंपाची भीती तिने पोटात चाचपून पाहिली; ती जागच्या जागी होती, पण दुसऱ्या एका भीतीपुढे आता लहान दिसत होती.

"आई, ये ना. बघ, हिरवं वर गेलं आणि पांढरं खाली येतंय."

"लगेच कुठलं पांढरं," वरद म्हणाला. "महिना लागेल. मुळं धरायला हवीत."

ती गेली. रबरी चपला घालून गेली. चपट्या दगडापाशी बसली आणि धारेकडे हात नेला, आणि नेता नेता तिला दिसलं की तो उलटा झालेला आहे, नखं पाण्याकडे, आपसूक. इरा धारेकडे बघत नव्हती. ती त्या हाताकडे बघत होती, अगदी सावकाश, पहिलीत अक्षरं गिरवताना फळ्याकडे बघायची तशी.

दुर्गाने हात तिथेच थांबवला. मग तो वळवला. तळवा खाली, बोटं पसरलेली, धारेच्या वर एवढीशी. तुषार लागत होते, गार, आणि प्रत्येक तुषाराबरोबर खांद्यापर्यंत काहीतरी थरथरत जात होतं, ती भीतीच होती, दुसरं काही नव्हतं. पायपावरचा तो हात दिसत होता, ते डोळे दिसत होते. काहीच कमी झालं नव्हतं. फक्त आता तिला हात मागे घ्यायची सोय उरली नव्हती, कारण इरा बघत होती.