पांढरी चिंधी

मखमलवाल्याने पांढरी चिंधी पाण्यात बुडवली, पिळली, लाल पडद्याच्या कोपऱ्यावर पसरली आणि वर गरम इस्त्री टेकवली. चर्र झालं, वाफ उठली. शिवणखोलीतले सगळे टेबलाभोवती दाटीवाटीने वाकले. भिंतीपलीकडे वादक वाद्यं जुळवत होते. नव्या नाट्यगृहाचा पडदा आज संध्याकाळी पहिल्यांदा उघडायचा होता, आणि तो अजून टेबलावरच पडून होता.

“रंग सुटला तर?” व्यवस्थापकाने विचारलं. सकाळपासून त्याचा पाय एका जागी ठरला नव्हता. “नाचणाऱ्या मुली पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आहेत. पडद्याला घासूनच ये-जा करणार.”

“सुटला तर दुकानाला कुलूप घालतो,” मखमलवाला म्हणाला. “नाही सुटला तर तुम्ही मला चहा पाजा, आणि थोरल्या वहिनींनी सांगावं, माझ्या कापडावर आळ का घेतला.”

थोरलीने नाकावरचा चष्मा वर सरकवला. हा पडदा तिने आणि तिच्या धाकट्या जावेने मिळून शिवला होता. काठ दुमडायचं काम थोरलीकडे. दिवसचे दिवस ती मखमलीचा ढीग मांडीवर घेऊन बसायची. मग एकदा तिच्या आतल्या कपड्यावर लालसर ठिपका दिसला, काही दिवसांनी आणखी एक. मांडीवर लाल कापड, कपड्यावर लाल ठिपका, यात शोधायचं काय? ठिपका मांडीवर नव्हता, हे तिला दिसलं होतं. पण घामाने रंग ओघळला असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. ‘रंग सोडतंय वाटतं हे,’ असं सहज धाकटीला म्हणाली, आणि धाकटीच्या तोंडात तीळ भिजत नसे. बातमी व्यवस्थापकापर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

इस्त्री उचलली गेली. मखमलवाल्याने चिंधीचं टोक चिमटीत धरून ती सर्वांसमोर वर केली.

पांढरी. जशीच्या तशी.

त्याने दुसऱ्या कोपऱ्यावर तेच केलं. मग कोरडी चिंधी खसाखसा घासली. पांढरीच. व्यवस्थापकाने टेबलावर थाप मारली, कुणीतरी शीळ घातली. बघता बघता माणसांनी पडदा सुस्त अजगरासारखा खांद्यावर घेतला. पितळी कड्या खणखणल्या, दारात चेंगराचेंगरी झाली.

“वहिनी, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमच्या,” मखमलवाला जाता जाता म्हणाला.

सगळे हसले. थोरलीही हसली. चिंधी तिच्या हातात होती. तिने ती उलटी करून मागची बाजू पाहिली.

खोली रिकामी झाली तशी धाकटीने दार लोटलं.

“चष्मा कशाला हो? परवा तुम्ही कपडे वेगळे भिजवले होते. भास झालेले डाग कुणी धुतं का?”

“बंद होऊन चार-पाच वर्षं झाली गं मला.”

“मग तारुण्य परतलं म्हणायचं. आता एखादं स्थळ…” धाकटी मध्येच थांबली. थोरली चिंधीची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती.

“कापडाचा असता तर बरं झालं असतं,” थोरली म्हणाली.

“चला.”

“कुठे? पडदा चढतोय तिकडे.”

“पडदा चढवायला दहा माणसं आहेत. तुम्हाला न्यायला मी एकटीच आहे.”

दोन गल्ल्या सोडून एका डॉक्टरीण बाईंचा दवाखाना होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कधीपासून, किती, कसलं औषध चालू आहे का, हे विचारलं.

“पाळी जाऊन वर्ष उलटलं, की पुढे एक थेंब दिसला तरी तो तपासायचा,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे घाबरायचं?”

“घाबरायचं नाही आणि थांबायचंही नाही. बहुतेकींच्या बाबतीत कारण साधं निघतं. या वयात आतली त्वचा कोरडी, नाजूक होते, किंवा एखादा मांसल कोंब वाढलेला असतो. थोड्या जणींना कर्करोग निघतो. पण त्यातही डाग लवकर दिसतो, म्हणून लवकर आलेली बाई बहुधा बरी होते. आता गर्भाशयाच्या अस्तराची जाडी बघू.”

अस्तर म्हटल्यावर थोरलीने मान वर केली. तपासणी चालू असताना ती सोनोग्राफीच्या पडद्यावरच्या करड्या पट्टीकडे टक लावून बघत राहिली.

“पातळ असतं तर काळजी कमी होती. तुमचं जरा जाड आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “त्यातला कणभर तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवते. कळ येईल.”

“नमुना,” थोरली म्हणाली.

“हो, नमुना.”

“नमुना बघितल्याशिवाय मी कधी कापडाला नावं ठेवत नाही,” ती म्हणाली, आणि जरा वेळाने, “या वेळी ठेवली.”

कळ आली ती चांगलीच आली. धाकटीचा हात तिने असा आवळला, की बाहेर आल्यावरही धाकटी बोटं चोळत होती. निकाल काही दिवसांनी कळणार होता.

“घरी जाऊन पडता का?”

“घरी? आधी पडदा बघू दे.”

दोघी जवळजवळ धावतच निघाल्या. मागच्या दाराने आत शिरल्या तेव्हा प्रेक्षागृह गजबजलं होतं. पडदा चढला होता, दिव्यांत पिकल्या डाळिंबासारखा उजळला होता, आणि त्याच्या मागे पांढऱ्या कपड्यांतल्या मुली टाचा उचलून उभ्या होत्या. मखमलवाला कडेला कप घेऊन उभा होता.

“चहा मिळाला का भाऊजी?” थोरलीने विचारलं.

“मिळाला. पण आळ काही सुटेना. आत्ताच एकाने विचारलं, मखमल रंग सोडते म्हणे?”

धाकटीने थोरलीची बाही ओढली. थोरलीने ती सोडवून घेतली.

“तुमचं कापड चोख आहे. तो डाग माझ्या अंगावरचा होता. पाळी जाऊन वर्षं झाली, तरी रक्त दिसलं. आत्ता तपासून आले. तुमच्यावर ढकललं ते चुकलं माझं.”

मखमलवाल्याने कपात पाहिलं.

“दुखत होतं?”

“अजिबात नाही.”

“मग कशाला दाखवायचं?”

“दुखत नाही म्हणूनच राहून जातं. एक थेंब असला, एकदाच दिसला, तरी दाखवायचं.”

पहिली घंटा झाली. दिवे मंदावले.

“आमच्या घरी,” तो हळू म्हणाला, “दोन महिने झाले, हिलाही डाग दिसतोय. ‘उष्णता’ झालीय म्हणते. नुसतं गार पाणी पितेय.”

त्याने कप खिडकीत ठेवला.

दुसरी घंटा झाली. दोर ताणले गेले, कड्या सरसर धावल्या आणि पडदा मधोमध दुभंगून झुळझुळत दोन्हीकडे गेला. कुठे अडकला नाही, कुठे चुणी पडली नाही. टाळ्यांनी छत दणाणलं. धाकटीने दुखऱ्या बोटांनी पुन्हा जावेचा हात पकडला.

थोरलीने मागे वळून पाहिलं. मागच्या दाराच्या उजेडात मखमलवाला पाठमोरा उभा होता. एका कानाला फोन होता, आणि टाळ्यांमुळे ऐकू येत नसावं, म्हणून दुसऱ्या कानावर त्याने हात घट्ट दाबून धरला होता.