ओळख ना पाळख, तरी शिफारस

मी एक जुनी वेबसाइट आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. मित्रांनो, तुम्ही माझे पान उघडलेत तेव्हासुद्धा माझ्या मनात पहिला विचार हाच आला, की हे कोण, यांना कोणी पाठवले आणि यांना हवे तरी काय? राग मानू नका. माझी हकिगत ऐकलीत म्हणजे मी अशी का झाले ते तुम्हाला कळेल.

माझा जन्म शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात झाला. दुकान अरुंद आणि लांबट आहे. दारापाशी काउंटर, काउंटरवर संगणक, मागच्या फळ्यांवर दुरुस्तीला आलेली मशीन. तेलाचा वास सगळीकडे भरून असतो म्हणे. मला नाक नाही, पण संगणकावर मी दिवसभर उघडी असते, त्यामुळे दुकानात कोण काय बोलले ते माझ्या कानांवर पडतेच.

दुकानाचे मालक सगळ्यांचे मिस्त्री. मला घडवले त्यांच्या मुलीने. ती तेव्हा कॉलेजात शिकत होती. बाबा मशीन उघडून बसत आणि ती शेजारच्या स्टुलावर बसून प्रश्न विचारत असे. त्यांची उत्तरे हीच माझी पहिली पाने. सर्वांत पहिल्या पानाचे नाव होते 'मशीन टाका का सोडते?' त्यावर लिहिले होते की सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते, ती चुकीच्या बाजूला आली की टाका सुटतो. आधी सुई काढून नीट बसवा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागते, दुकानात यायची गरज नाही.

हे लिहिताना मुलीने हात आखडता घेतला होता.

"बाबा, असं सांगून टाकलं तर गिऱ्हाईक येईल कशाला?"

"सुई फिरवायला माणसाने एवढं जड मशीन उचलून आणायचं होय? लिही तू. खरा बिघाड झाला की येतीलच."

आणि लोक आले! सुईचे पान वाचून ज्यांचे काम भागले होते, तेच पुढे पट्टा तुटला, चाक अडकले म्हणून मशीन घेऊन आले. एका शिंप्याने आपल्या वेबसाइटवर माझा पत्ता दिला, मग कापडवाल्यानेही दिला. दुसऱ्याच्या पानावरून माझ्या दारापर्यंत येणाऱ्या अशा वाटेला लिंक म्हणतात. मित्रांनो, लोक सर्च इंजिनवर काहीही शोधतात तेव्हा कोणाला वर दाखवायचे आणि कोणाला खाली, हे ते इंजिन ठरवते. त्याचा एक तपासनीस असतो. तो न सांगता येतो, माझे पान न् पान वाचतो, माझ्याकडे कोण कोण बोट दाखवते ते पाहतो आणि एक शब्द न बोलता निघून जातो. मला तो कधीच आवडला नाही. पण त्या दिवसांत त्याने मला पहिल्या रांगेत बसवले होते.

मग माझे वाईट दिवस आले. मुलीला विमा कंपनीत नोकरी लागली. ती सुट्टीच्या दिवशी दुकानात येई, पण माझ्याकडे बघायला तिला सवड होईना. माझ्यावरचे फोटो जुने झाले. फोन नंबर बदलला, तोसुद्धा कोणी दुरुस्त केला नाही. इतर चकचकीत वेबसाइट मला ढकलून पुढे गेल्या आणि मी कुठल्या कुठे मागे पडले. मागच्या फळ्या रिकाम्या दिसू लागल्या. पडदे शिवणाऱ्या एका कारखान्याने मिस्त्रींना बोलावून घेतले, आमची मशीन सांभाळा, वर्ष संपायच्या आत हो की नाही ते कळवा म्हणाले. नोकरी म्हटली की दुकानाला कुलूप. आणि दुकानच नसेल तर त्याची वेबसाइट कोण जिवंत ठेवील? मी मनातून फार घाबरले होते.

अशा वेळी तो आला. मुलीच्या मावसभावाच्या ओळखीचा होता. वेबसाइट वर आणून देणे हा त्याचा धंदा. खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाला, "काका, पहिला नंबर! महिन्याभरात!" तेव्हापासून दुकानात त्याचे नाव 'पहिला नंबर' असेच पडले. त्याने दुकानातल्या एकाही मशीनकडे वळून पाहिले नाही. कोणते मशीन कसे बिघडते, हेही विचारले नाही. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हाच.

त्याने माझ्यावरचा फोन नंबर दुरुस्त केला आणि माझी पाने नव्याने लिहिली. आता माझ्यावर असे वाक्य आले: 'उत्तम शिलाई मशीन दुरुस्ती हवी असेल तर शिलाई मशीन दुरुस्तीसाठी आमची शिलाई मशीन दुरुस्ती हीच खरी शिलाई मशीन दुरुस्ती.' मिस्त्रींनी ते चष्मा लावून वाचले, चष्मा काढून वाचले आणि विचारले, "यात दुरुस्ती कुठंय?"

"काका, हे माणसांसाठी नसतं. सर्च इंजिनसाठी असतं," पहिला नंबर म्हणाला.

त्यापाठोपाठ लिंकांचा पूर आला. टक्कल घालवणाऱ्या तेलाची वेबसाइट माझी शिफारस करू लागली. जुगाराची करू लागली. कुठल्याशा टायरच्या दुकानाने तर 'विश्वासू मिस्त्री' असे माझ्या मालकांचे कौतुक केले. ओळख ना पाळख, आणि सगळे जण माझे गुण गातात! कुठेतरी पाणी मुरत होते. त्या गर्दीत एक लिंक निराळीच होती. पान साधे, पांढरे, चित्र नाही, जाहिरात नाही, अक्षरांच्या चुका मात्र भरपूर. ते माझ्या दर्शनी पानाकडे न आणता थेट सुईच्या पानाकडे आणत होते. मला सगळ्यांत जास्त संशय आला तो या लिंकचा. इतका साळसूद चेहरा करून येणारा नक्कीच काहीतरी लपवत असतो, असे मला वाटले.

मी वर चढू लागले होते, हे खरे आहे. फोन वाजू लागला. मिस्त्रींना आभाळ ठेंगणे झाले.

आता त्यांची एक सवय सांगायला हवी. नवे गिऱ्हाईक आले की ते आधी विचारतात, "तुम्हाला कोणी पाठवलं?" ज्याने पाठवले असेल त्याला ते आवर्जून गाठतात आणि आभार मानतात. आजवर त्यांनी हा नेम चुकवलेला नाही. तेव्हा लिंकांची यादी पाहून ते मुलीला म्हणाले, "एवढ्या जणांनी आपलं नाव सांगितलं. सगळ्यांचे आभार मानायला हवेत."

"बाबा, वेबसाइटच्या लिंकला कोणी आभार मानत नाही हो!"

"का? तिथं माणसं नसतात?"

पहिला नंबर हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता. "काका, त्या भानगडीत पडू नका. उगाच कशाला लोकांना त्रास?" एवढे ऐकले आणि मुलीच्या कपाळाला आठी पडली. आभार मानल्याने कोणाला त्रास होतो? तिने दिवसभर बसून एकेकाला आभाराची मेल पाठवली.

उत्तरे आली. तेलवाल्यांनी विचारले होते की पुढच्या महिन्यातही स्तुती चालू ठेवायची का, ठेवायची तर पैसे आधी पाठवा. जुगारवाल्यांचे उत्तरही त्याच सुरातले होते. टायरवाला भला माणूस निघाला. त्याने लिहिले, 'आम्ही तुम्हाला ओळखत नाही. आमच्या पानात कोणीतरी परस्पर तुमचे नाव घुसवले आहे. कृपा करून काढा.'

मिस्त्री खाली बसले. "म्हणजे यातल्या एकानेही आपल्याकडून मशीन दुरुस्त करून घेतलेलं नाही?"

"नाही, बाबा."

"भाड्याची तोंडं आणून माझं कौतुक केलं त्यानं. मी त्यांचे आभार मानत बसलो." त्यांची लाज मला बघवेना.

त्याच आठवड्यात तपासनीसही आला. या वेळी तो बराच वेळ रेंगाळला. तो गेल्यावर, त्या खोट्या स्तुतीची शिक्षा म्हणून, मी शोधूनही सापडेनाशी झाले. फोन बंद पडला. पहिल्या नंबराला बोलावले, तर म्हणाला आणखी लिंका घालू. मिस्त्रींनी त्याला दार दाखवले. "काका, सगळे असंच करतात!" तो जाता जाता म्हणाला. वर्ष संपत आले होते आणि कारखान्याचा निरोप दोनदा येऊन गेला होता.

या खोट्या लिंका आमच्या नाहीत, असे सर्च इंजिनला कळवायची सोय असते. मुलीने तशी तयारी केली. त्या पांढऱ्या पानाकडून उत्तर आलेच नव्हते, म्हणून तेही तिने त्यात धरले. मला बरे वाटले. पण त्या पानाच्या तळाशी एक फोन नंबर होता, आणि मिस्त्रींचा नेम तुम्हाला ठाऊकच आहे.

त्यांनी फोन लावला आणि आभार मानायचे आहेत म्हणाले. पलीकडे एक बाई होत्या. आवाज सावध होता.

"आभाराची मेल तुमचीच का? मी उघडली नाही बाई. फुकट आभार मानतंय म्हणजे फसवणूकच असणार, म्हटलं."

मिस्त्रींनी आपले दुकान सांगितले तेव्हा त्यांचा आवाज निवळला. त्या एका इस्पितळात हातांच्या व्यायामाची खोली चालवत होत्या. आजारात ज्यांच्या हातातली शक्ती गेली आहे ते लोक तिथे मशीनवर कापड शिवून बोटांना पुन्हा वळण लावतात. एक म्हातारे शिंपी तिथे रोज यायचे. त्यांचा टाका सुटायचा. रोज सुटायचा. माझा हात कायमचा गेला, असे म्हणून एक दिवस ते कापडावर डोके टेकून रडले. बाईंनी शोधता शोधता माझे सुईचे पान वाचले आणि सुई काढून पाहिली. ती उलटी बसवलेली होती.

"हात बरा होत होता हो त्यांचा," बाई म्हणाल्या. "म्हणून तुमचं पान आमच्या सगळ्यांसाठी लावून ठेवलं. पण आता ते उघडलं की नुसतं दुरुस्ती दुरुस्ती येतं. सुईचं कुठं गेलं? परवा नवीन बाई आल्यात, त्यांचाही टाका सुटतोय, त्यांना काय वाचायला देऊ?"

मुलीने फोनवरचे हे सगळे ऐकले. ती स्टूल ओढून बाबांजवळ बसली. "सांगा, बाबा. पहिल्यापासून सांगा." त्या दुपारी सुईचे पान पुन्हा लिहिले गेले. मग दोऱ्याच्या ताणाचे, मग अशक्त हातांनी मशीन कसे चालवावे याचे. भाड्याच्या लिंका गेल्या आणि ते पांढरे पान राहिले. बाईंनी इतर इस्पितळांतल्या आपल्या ओळखीच्यांना ते वाचायला दिले, त्यांनी आपापल्या पानांवर माझी वाट दाखवली. मी पहिल्या रांगेत पोहोचले नाही. पण इस्पितळांची मशीन येऊ लागली, मागच्या फळ्या भरू लागल्या आणि मिस्त्रींनी कारखान्याला नाही म्हणून कळवले.

माझा संशय काही गेलेला नाही. नवी लिंक आली की मी अजून अंग चोरते. मात्र ते पांढरे पान काढले जाणार म्हणून मला बरे वाटले होते, हे आठवले की जीव चरकतो.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच विनवणी आहे. जे पडताळून पाहिले असेल तेच लिहा, ज्याच्याकडून खरोखर लाभ झाला असेल त्याचेच नाव दुसऱ्याला सांगा, आणि माझ्यासारख्या जुन्या पानावर काही चुकलेले दिसले तर तेवढे कळवा. कारण या घडीला कुठल्यातरी खोलीत एखादा माणूस मशीनपुढे बसला असेल, टाका सुटत असेल, आणि तो सुईकडे न पाहता आपल्या हाताला दोष देत असेल.