पाचशे मीटरच्या आत

तिला गल्लीत सगळे मोजणीबाई म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, धाक जास्त होता. भूमापन कचेरीत वीस वर्षं काढलेली बाई. कोणाचं कुंपण कोणाच्या जागेत किती बोटं सरकलंय हे ती रस्त्याने जाता जाता नुसत्या नजरेने सांगायची, आणि न विचारता सांगायची. तिचा नवरा सलून चालवायचा. गिऱ्हाइकाचं डोकं हातात धरून त्याला बोलतं करणं हा त्याचा धंदा, आणि घरी आल्यावर बायकोपुढे गप्प बसणं हा त्याचा शहाणपणा. त्यांना अकरा वर्षांची एक मुलगी होती, बारकी. ती नावापुरतीच बारकी, तोंड चांगलं मोठं होतं.

साथ आली आणि कचेरीला कुलूप लागलं, सलूनचं शटर खाली आलं, शाळा फोनच्या पडद्यात जाऊन बसली. पहिल्या आठवड्यात पत्ते झाले. दुसऱ्यात नवऱ्याने तिघांचेही केस कापले, गरज नसताना. तिसऱ्यात बारकीने जमिनीला पाय न लावता सगळ्या घराला फेरी मारून दाखवली आणि कपाटाची एक फळी निखळवली. चौथ्यात कोणाला काही सुचेना, आणि तिघंही एकमेकांच्या अंगावर यायला लागली.

मग हुकूम निघाला. कोपऱ्यावरच्या खांबाला कागद चिकटवलेला होता. दिवसातून एक तास घराबाहेर पडता येईल. घरातल्यांनीच एकत्र फिरावं. घरापासून सरळ रेषेत पाचशे मीटरच्या पलीकडे जाऊ नये. दुसऱ्या कोणाच्या घरात पाऊल टाकू नये. लोकांना तासाचा आनंद झाला. मोजणीबाईने तो कागद तीनदा वाचला, कारण तिला त्यात तिचे वडील दिसले.

ते कालव्याच्या पलीकडे एकटे राहत. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. यंत्राच्या करवतीने दोन्ही कान खाल्ले होते. फोन म्हणजे त्यांच्या लेखी छळ. "कोण? कोण बोलतंय? मोठ्याने बोला!" असं चार वेळा ओरडून ते ठेवून द्यायचे. जेवणाचा डबा दारात ठेवायला एक बाई जायची. तिनेच कळवलं होतं, "ताई, तीन दिवस झाले, डबा जसाच्या तसा परत येतोय. दूध तेवढं घेतात. मी खिडकीतून खुणा करून विचारलं, तर म्हणाले, एकट्याने जेवायला मी काय कैदी आहे का?"

मोजणीबाई तशी रडणाऱ्यातली नव्हती. त्या दिवशी ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही मास्क लावून निघाली ती थेट कालव्याच्या पुलावर. तिथे लाकडी अडथळा टाकून एक तरुण पोलीस बसला होता. त्याने तिचा पत्ता विचारला, वडिलांचा पत्ता विचारला, फोनवर बोट फिरवलं आणि मान हलवली.

"सातशे चाळीस मीटर येतंय, मॅडम. परत फिरा."

"ते रस्त्याने चालत जायचं अंतर आहे. हुकूम सरळ रेषेचा आहे."

"माझ्या फोनमध्ये हेच येतं."

"तुमच्या फोनला काय कळतं?"

"आणि तुम्हाला कळतं?"

हा प्रश्न त्याने विचारायला नको होता. नवऱ्याने कपाळाला हात लावला, कारण पुढे काय होणार हे त्याला कळून चुकलं.

घरी येऊन तिने पलंगाखालची लाकडी पेटी ओढून काढली. कचेरी अचानक बंद झाली तेव्हा कोनमापक यंत्र तिच्याकडेच राहिलं होतं. तिपाई, तांबड्या-काळ्या आकड्यांची उंच मोजपट्टी, पन्नास मीटरचा टेप, दोरीला वजन लावलेला ओळंबा, सगळं होतं. ती म्हणाली, "उद्यापासून रोजचा तास आपला. घरापासून बाबांच्या खिडकीपर्यंत सरळ रेषेत किती, ते मी कागदावर मांडून त्या पोलिसाच्या हातात देणार."

"मध्ये कालवा आहे," नवरा हळूच म्हणाला. "टेप काय पोहत जाणार?"

"पलीकडे जायची गरजच नाही. अलीकडच्या काठावर दोन जागा धरायच्या, त्यांच्यातलं अंतर टेपने घ्यायचं, आणि दोन्हीकडून बाबांची खिडकी यंत्रातून बघून कोन वाचायचे. बाकी गणित."

"आणि मी?" बारकीने विचारलं.

"तू पट्टी धरणार. सरळ. हलायचं नाही, खाजवायचं नाही."

अशी त्या घराची सहल सुरू झाली. रोज सकाळी दहा वाजता दारातून मिरवणूक निघायची: पुढे पट्टी घेऊन बारकी, मध्ये यंत्र खांद्यावर घेतलेला सलूनवाला, मागे वही घेऊन मोजणीबाई. साथीच्या दिवसांत यापेक्षा सुरक्षित फिरणं कोणाच्या बापाला सुचलं नसतं. ताणलेल्या टेपच्या जवळ कोणी येत नाही. उलट लोक भिंतीला चिकटून वाट देत. आणि शिवाय मोजणीबाई रस्ता मोजतेय म्हटल्यावर सगळी गल्ली आपापली कुंपणं तपासायला लागली. ज्या शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी दारापुढे एक पायरी जास्त बांधली होती, तो खिडकीतून विचारता झाला, "काय हो, रस्ता रुंद होतोय की काय?" बारकीने गंभीर चेहरा करून सांगितलं, "आम्हाला बोलायची परवानगी नाही." दुपारपर्यंत त्याने स्वतःच पायरी फोडायला घेतली. नवरा त्या दिवशी महिन्याभरानंतर पोट धरून हसला.

काम मात्र खरं होतं. दारापासून कालव्यापर्यंत गल्लीला पाच वळणं. प्रत्येक वळणावर तिपाई लावायची, मागचं बघायचं, पुढचं बघायचं, कोन वाचायचा. नवऱ्याला ओळंबा धरता येईना. "वस्तरा धरतोस तेव्हा हात हलतो का?" तिने विचारलं. "नाही." "मग हा गिऱ्हाइकाचा गाल आहे असं समज." त्यानंतर ओळंबा तसूभरही हलला नाही. बारकी पट्टीवरचे आकडे वाचायला शिकली आणि तिसऱ्या दिवशी आईचीच एक चूक पकडून तिने घर डोक्यावर घेतलं.

त्याच दिवशी काठावरून मोजणीबाईने यंत्र पलीकडच्या खिडकीवर लावलं. यंत्राच्या दुर्बिणीत खिडकी एकदम हाताशी आली. पडदा लावलेला. चौकटीशी एक हात तेवढा दिसला, पडदा धरून राहिलेला, हाडं वर आलेली. तिने कोन वाचला, वहीत लिहिला, पुन्हा वाचला. मग बाजूला होऊन म्हणाली, "डोळ्यात काहीतरी गेलं." नवऱ्याने विचारलं नाही काय गेलं ते.

संध्याकाळी ती गणिताला बसली. कोणी आवाज करायचा नाही अशी ताकीद होती, म्हणून नवरा आत भांडीसुद्धा दबकत घासत होता. तासाभराने तिने पेन्सिल खाली ठेवली.

"पाचशे सहा मीटर चाळीस."

मग नवरा दाराशी येऊन म्हणाला, "सहा मीटरच ना? त्या पोराला काय कळणार आहे? चारशे नव्व्याण्णव लिही आणि चल."

"काय म्हणालास?"

"नाही, मी आपलं..."

"एका बड्या माणसाने कुंपणासाठी माझी बदली करून दाखवली, तरी मी एक बोट जागा इकडची तिकडे केली नाही. आणि आता माझ्या बापासाठी खोटा आकडा लिहू? मग माझ्या कागदात आणि त्याच्या फोनमध्ये फरक काय राहिला?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "सहा मीटर. सहा मीटरसाठी तो माणूस उपाशी राहणार."

नवरा ओल्या हातांनी तिच्या मागे येऊन उभा राहिला आणि नकाशा बघू लागला. त्याला नकाशातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण आपलं घर कुठलं ते बारकीने ठिपका काढून रंगवलेलं होतं.

"हे काय, आपलं दार?"

"हो. तिथून सुरुवात. मोजणी नेहमी रस्त्याकडच्या उंबऱ्यापासून करतात."

"आणि कालवा कुठल्या बाजूला?"

"मागच्या."

"मग मी एक विचारू? रागावू नकोस." त्याने हात पुसले. "हुकूम घरापासून म्हणतो ना? गेला महिनाभर मी मागे स्वयंपाकघरात राबतोय. ते काय शेजाऱ्याचं घर आहे?"

मोजणीबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग नकाशाकडे. वीस वर्षं ती हजारो घरांच्या उंबऱ्यावर तिपाई लावत आली होती, आणि सवय अशी की स्वतःच्याच घराची मागची भिंत तिने घराबाहेर टाकली होती. कचेरीतल्या कोणीही हीच चूक केली असती. सलूनवाल्याने केली नसती, कारण त्याचा दिवस त्याच भिंतीशी उभं राहून जात होता.

"टेप आण," ती म्हणाली.

खुर्च्या उचलल्या, पलंग सरकवला, डब्यांची मांडणी भिंतीपासून ओढली. उंबऱ्यापासून मागच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगापर्यंत माप घेतलं, दिशेचा जो थोडा तिरकेपणा होता तो वजा केला. नऊ मीटर दहा. तिने एकदा घेतलं, बारकीकडून घेतलं, नवऱ्याकडूनसुद्धा घेतलं. तिघांचं एकच आलं.

"चारशे सत्त्याण्णव मीटर तीस," बारकी ओरडली, आणि शेजाऱ्याने भिंतीवर ठोकलं तेव्हा मोजणीबाईनेही उलट ठोकलं.

दुसऱ्या दिवशी पुलावर तोच पोलीस होता. तिने नकाशा अडथळ्यावर पसरला आणि स्वतः दोन हात मागे उभी राहिली. त्याने कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"मॅडम, मला यातलं काही कळत नाही."

"नाही कळलं तरी चालेल. हा टेप, हे यंत्र, हे वाचन. कुठलंही माप पुन्हा घ्या. एक सेंटिमीटर जरी खोटं निघालं तरी मी इथूनच परत जाते, आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही."

त्याने टेपकडे पाहिलं, गल्लीच्या पाच वळणांकडे पाहिलं, वर चढलेल्या उन्हाकडे पाहिलं. साहेबांना फोन लावला. साहेबांनी काय सांगितलं कोण जाणे, पण त्याने अडथळा एका बाजूने उचलला. "घरात पाय टाकायचा नाही. मी बरोबर येतो. आणि तासातली पंचवीस मिनिटं इथेच गेलीत तुमची."

वडिलांचं घर तळमजल्याचं, खिडकी रस्त्यावर. बारकीने पट्टी उंच करून खिडकीवर टकटक केली. बराच वेळ काही हललं नाही. मग पडदा बाजूला झाला. केस मानेपर्यंत वाढलेले, सदऱ्याचं बटण वरचं खाली लागलेलं. त्यांनी खिडकी उघडली, तिघांना पाहिलं, पोलिसाला पाहिलं.

"आता आठवण झाली?" ते ओरडले.

तिने काय उत्तर दिलं असतं ते त्यांना ऐकूच आलं नसतं. तिने नुसतं दाराशी ठेवलेल्या डब्याकडे बोट दाखवलं, मग तोंडाकडे. त्यांनी मान वळवली. तिने पुन्हा दाखवलं. बारकीने दाखवलं. नवऱ्याने कात्रीची खूण करून दाखवलं, की आधी जेवा, साथ सरली की हे जंगल मी कापतो. म्हाताऱ्याच्या तोंडाचा कोपरा हलला.

ते आत गेले, दार किलकिलं करून डबा घेतला आणि खुर्ची ओढून खिडकीशी बसले. पहिला घास त्यांनी तिच्याकडे बघत घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याच्या वेळी पोलिसाने घड्याळाकडे बघून हात केला आणि ती सवयीने एक पाऊल मागे सरली. त्यांचा चमचा तिथेच थांबला. तो हळूच डब्यात परत गेला.

ती पुन्हा पुढे आली. चमचा पुन्हा उचलला गेला.

"मॅडम, दहा मिनिटं उरलीत, आणि घरी पोचायलाच दहा लागतात. चला आता. नाहीतर मला नाव लिहावं लागेल."

डब्यात अजून निम्म्याहून जास्त होतं. म्हातारा एकेक घास असा चावत होता की सगळा दिवस त्याच्याच मालकीचा असावा. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. आकड्याला आकडा जुळल्याशिवाय पाऊल न टाकणारी बाई. कचेरीत वीस वर्षांत तिच्या नावावर एक शेरा नव्हता. ती काय करणार हे या वेळी मात्र त्याला कळेना.

तिने यंत्र नवऱ्याच्या हातात दिलं आणि भर रस्त्यात खिडकीसमोर मांडी घालून बसली. बारकी तिच्या बाजूला बसली. सलूनवाल्याने एकदा पोलिसाकडे पाहिलं, तिपाई उभी केली आणि तोही बसला.

"लिहा नाव," ती म्हणाली. "अंतर बरोबर लिहा, चारशे सत्त्याण्णव मीटर तीस. वेळ तुमच्या मनाने टाका. आणि जरा बाजूला व्हा, त्यांना मी दिसत नाहीये."