कोरा चेहरा

आमच्या एक्स-रेच्या खोलीत एक नियम पक्का: फोटो बघताना चेहरा कोरा ठेवायचा. काय दिसतंय ते डॉक्टर सांगतील. वीस वर्षं मी तो पाळला आणि त्या दिवशी माती खाल्ली.

शिंपीदादा पहिल्या फोटोनंतर दीड महिन्याने पुन्हा आले होते. त्यांना एचआयव्ही, त्यात टीबी. टीबीचं औषध आधी सुरू झालं, एचआयव्हीच्या गोळ्या मागाहून. पहिल्या वेळी थुंकीत जंतू सापडले, तरी छातीचा फोटो जवळजवळ स्वच्छ होता. या वेळी पडद्यावर गाठी फुगलेल्या दिसल्या, उजवीकडे पांढरा डाग पसरलेला. माझ्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. काचेपलीकडून ते माझ्याकडेच बघत होते. ताप होताच, काय समजायचं ते समजले.

शर्ट घालून त्यांनी एचआयव्हीच्या गोळ्यांची बाटली माझ्या टेबलावर ठेवली. या गोळ्या सुरू होण्याआधी बरा होतो म्हणाले, आता उरलेले दिवस तरी सुखाने जाऊ देत. बायको मागे उभी होती. गोळ्या सुटल्या तर माणूस हाती लागणार नव्हता, आणि पाप माझ्या माथी.

बाटली उचलून दोघांना जवळजवळ ढकलतच डॉक्टरबाईंकडे नेलं. बाई तशा खडूस. त्यांनी थुंकीचे, रक्ताचे रिपोर्ट पुन्हा तपासले. जंतू औषधाला दाद देत होते आणि रक्तातल्या लढणाऱ्या पेशी चौपट झाल्या होत्या. मग त्यांनी दोन्ही फोटो शेजारी लावले.

"घरात चोर शिरले होते," त्या म्हणाल्या, "पण घरचे गाढ झोपलेले, म्हणून हा पहिला फोटो शांत. गोळ्यांनी आता घरचे जागे झालेत, त्यांची ही धरपकड आहे. सुजेवर औषध देते. पण गोळी एकही चुकवायची नाही."

मी रोज शंभर छात्या बघते, तरी अंगावर काटा आला. ज्याला मी मरण समजले तो त्यांचा जीव परत येत होता, आणि माझ्याच यंत्राने तो टिपला होता.

शिंपीदादांनी बाटलीला हात लावला नाही. बायकोने ती उघडली. "आजची राहिलीय," एवढंच म्हणाली. त्यांनी घेतली.

सहा महिन्यांनी ते आले ते अंग भरल्यामुळे स्वतःचाच शर्ट उसवून, ढगळ करून. फोटो स्वच्छ होता. पहिल्याशेजारी लावला तर दोन्ही अगदी सारखे दिसत होते. पण आताच्या घरात राखण होती. माझे डोळे भरून आले. नियम आठवून मी तोंड फिरवलं.

"ताई, इकडे बघा," शिंपीदादा म्हणाले. "मागे तुमचा चेहरा बघून गोळ्या सोडत होतो. आजचाही बघू द्या."