महिपतचं चालायचं राहिलं

गिरजाबाईचा स्वभावच असा, की लोकांनी तोंड उघडायच्या आधीच ते काय म्हणतील ते तिला ऐकू यायचं. या एका खोडीपायी तिनं आपल्या नवऱ्याचं केवढं नुकसान केलं, ते आता तिचं तिलाच ठाऊक.

पेरणी उरकली आणि महिपतच्या छातीत कळ आली. मुरबाडकडच्या त्यांच्या गावातून मुलानं, शेखरनं, त्याला गाडीत घालून शहापूरला नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवलं. "हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांत चरबी साठलीय. शेताच्या पाटात गाळ साठला की पाणी कमी जातं ना, तसं. पण ऑपरेशनची वेळ आलेली नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी आणि चरबीची गोळी चुकवायची नाही. तेल-मीठ कमी, तंबाखू बंद. आणि रोज चालायचं, हळूहळू वाढवत. चालणं हेसुद्धा औषधच आहे."

गिरजाबाईनं सगळं मनावर घेतलं. घरी आल्याआल्या तंबाखू चुलीत घातली, कालवणातलं तेल निम्म्यावर आणलं, गोळ्या स्वतःच्या हातानं देऊ लागली. महिपत सकाळी बांधावरून फिरून यायचा, आणि आला की त्याचा चेहरा खुललेला असायचा.

मग लावणी आली. घरचा कर्ता आजारी पडला की आळीतली माणसं त्याचं शेत लावून देतात, मजुरी घेत नाहीत, ही गावाची रीत. शेजारचा काळूराम सगळ्यांना घेऊन आला. भर पावसात, चिखलात वाकून माणसं रोपं लावत होती, आणि त्यांच्या नाकासमोरून महिपत छत्री घेऊन फिरायला निघाला. गिरजाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुठं चाललात?"

"फिराया. बाईंनी सांगितलंय ना?"

"लोकं आपल्या शेतात कंबर मोडून घेतायत, नि तुमी हात हलवत फिरणार? धडधाकट हाय नि ढोंग करतो, म्हणतील. आत जाऊन निजा गपगुमान."

"बरं गो, तुज्या मनासारखं," म्हणत तो खाटेवर जाऊन पडला.

लावणी संपली, पण खाट काही सुटली नाही. कोण ना कोण भेटायला यायचं, आणि आजारी माणूस कसा निजलेलाच दिसला पाहिजे! तो जरा उठला की ही 'निजा' म्हणून हाक मारायची. वर अंगात ताकद यावी म्हणून तुपातला शिरा. महिपतचं पोट सुटलं, पाय सुकले, आणि हळूहळू त्यालाच उठायची भीती वाटू लागली. आणि गिरजाबाईला वाटायचं, आपण केवढी सेवा करतोय.

गणपती गेले आणि हृदयाचा झटकाच आला. या खेपेला हाताच्या नसेतून तार घालून नळी उघडली, आत जाळी बसवली. जीव वाचला, पण हृदय पार कमजोर झालं.

"चालत होते ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. गिरजाबाईची मान वर होईना. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चालले असते तर झटका आलाच नसता, असं मी म्हणणार नाही. पण हृदयाला जोर राहिला असता."

भात कापणीला आलं तसा काळूराम विचारायला आला, कापणी कधी धरायची. त्याला चहा देता देता गिरजाबाईला राहवलं नाही. लावणीच्या दिवशी काय झालं ते तिनं सगळं सांगून टाकलं.

काळूरामनं कप खाली ठेवला. "वहिनी, एका शब्दानं सांगायचं व्हतं. आमी काय म्हणणार? पाय घसरंल म्हणून एकेकानं दादाचा हात धरून फिरवला असता."

तो गेल्यावर ती पोटभर रडली. मग डोळे पुसून खाटेपाशी गेली. "उठा. बांधापर्यंत जाऊन येऊ. मी धरते."

महिपत उठला. दारापर्यंत आला, चौकट धरली आणि धापा टाकत तिथंच उंबऱ्यावर बसला. समोर पिवळं पडलेलं शेत दिसत होतं. दम खाऊन त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग असता तर तिला सोसलं असतं.

"तूच जाऊन ये गो," तो म्हणाला. "लोंब्या भरल्यात का बघ, नि मला येऊन सांग."