घुबडदादा

कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती नऊ वर्षं काम करत होती. दिवसभर मेणाचे दात कोरायचे आणि संध्याकाळी संगणकावर लढायचं. गेममध्ये तिचं नाव घुबड. पाचजणांच्या तुकडीत शत्रू कुठून येतोय ते हेरून नकाशावर खूण करायची, हे तिचं काम; त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

माइक मात्र ती कधीच चालू करत नसे. फार पूर्वी, दुसऱ्या नावाने खेळताना, एकदा केला होता. तिचा आवाज ऐकून एकजण दोन आठवडे घाण मेसेज पाठवत राहिला. तिने नाव बदललं आणि तोंड मिटलं. तुकडीतल्या चौघांनी परस्परच ठरवून टाकलं, की याच्या घशाला काहीतरी झालंय. ते तिला घुबडदादा म्हणत. कप्तान तर आपल्या घटस्फोटाचं सगळं तिला सांगायचा. "बायकांना हे कळायचं नाही, दादा," असंही म्हणायचा.

तुकडी अंतिम फेरीत पोचली. त्या फेरीचे सगळे सामने एका सभागृहात, समोरासमोर होणार होते. पत्र आल्यापासून तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. एका कवळीत सुळ्याच्या जागी तिने चक्क दाढ बसवली.

"आजारी आहे म्हणून कळव," थोरली बहीण म्हणाली.

"ताई, त्यांच्या लेखी मी चार वर्षं आजारीच आहे."

तरीही ती गेली. दारातल्या माणसाने मान वर न करताच सांगितलं, "खेळाडूंच्या घरच्यांनी वर बसायचं."

"मीच खेळाडू आहे."

त्याने ओळखपत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्याने: घुबड. मागे तिच्या तुकडीचे शर्ट घातलेले चौघे उभे होते. त्यातला एकजण हसला. कप्तान हसला नाही.

"मी तुला दादा म्हणायचो."

"मी सांगितलं नव्हतं तसं म्हणायला."

"म्हणू नको असंही सांगितलं नाहीस."

तिने ओळखपत्र गळ्यात अडकवलं.

पहिला डाव त्यांनी घालवला. तिच्या खुणा चुकत होत्या. दुसऱ्या डावात कप्तानाच्या पाठीमागून दोघे येताना दिसले. खूण करेपर्यंत तो मेलाच असता.

"मागे बघ! जिन्यावर दोघं!"

आवाज घोगरा निघाला, पण कप्तान वळला आणि वाचला. मग ती बोलतच राहिली. तो डाव जिंकला, तिसराही.

प्रतिस्पर्ध्यांनी लगेच तक्रार केली: खरा घुबड बाहेरून खेळतोय, ही बाई नुसती बसवलीय. पंचाने निकाल रोखला. शेवटचा डाव पुन्हा खेळायचा आणि तो स्वतः तिच्या मागे उभा राहून हात बघणार.

"मग पाचहीजणांचे बघा," ती म्हणाली.

"त्यांच्याबद्दल तक्रार नाही."

तिने कप्तानाकडे पाहिलं. तो कीबोर्डकडे बघत राहिला. मानेवर पंचाचा श्वास झेलत ती खेळली. तो डाव त्यांनी पुन्हा जिंकला, पण पुढच्या सामन्यात हरून बाहेर पडले.

दाराशी कप्तान घुटमळला. "ते घटस्फोटाचं... कुणाला सांगू नकोस."

"चार वर्षांत सांगितलं का?"

"नाही." त्याने दार अर्धं उघडलं. "पंचाला मी काहीतरी बोलायला हवं होतं."

"हो, हवं होतं."

"मंगळवारी सराव आहे," एवढंच बोलून तो गेला.

मंगळवारी सराव सुरू होण्याआधी ती तीनदा पाणी प्यायला उठली. मग बसली आणि माइक चालू केला. समोरच्या तुकडीतला एक अनोळखी आवाज हसला, "अरे, यांच्यात बाई आहे." कप्तानाचा श्वास ऐकू येत होता, शब्द नाही.

"डावीकडून तिघं," ती म्हणाली.

"कुठे, भिंतीपाशी?" कप्तानाने विचारलं.

"भिंतीच्या अलीकडे. आता निघ."

तो निघाला.